अल्बुएरा, 16 मे 1811 : उलगडायची राहून गेलेली रांग

स्पेनच्या एस्त्रेमादुरा प्रांतात, बादाहोस शहराच्या आग्नेयेला पंचवीसेक किलोमीटरवर अल्बुएरा नावाचं लहानसं गाव आहे. गावाच्या दक्षिणेकडे बोडक्या, लांबट टेकाडांची एक ओळ जाते. 16 मे 1811 च्या सकाळी त्या टेकाडांवर आठ हजारांहून जास्त फ्रेंच पायदळ चढून आलं. स्पेन-पोर्तुगालच्या त्या सहा वर्षांच्या युद्धात फ्रेंचांनी एका जागी, एका वेळी केलेला पायदळाचा हा सर्वांत मोठा हल्ला. शत्रूला, म्हणजे इंग्रज, पोर्तुगीज आणि स्पॅनिश फौजेला, चकवून ते त्याच्या बगलेवर आले होते आणि समोर सुरुवातीला उभ्या होत्या फक्त चार स्पॅनिश पलटणी. दुपारी दोनच्या सुमारास हीच फौज उतारावरून मागे पळत होती.

असं का झालं, याचं ठरलेलं उत्तर आपल्याला सगळीकडे वाचायला मिळतं : फ्रेंच कॉलममध्ये, म्हणजे एकामागे एक अनेक ओळींच्या जाड ठोकळ्यात, लढत, इंग्रज दोन ओळींच्या रांगेत लढत, रांगेतली प्रत्येक बंदूक उडते, कॉलममधल्या पुढच्या थोड्याच उडतात, म्हणून फ्रेंच हरले. गणित बरोबर आहे. पण ते फ्रेंचांना ठाऊक नव्हतं असं समजणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या कवायतीच्या नियमांची बरीच पानं कॉलमची रांग कशी करायची यावरच खर्च झाली होती. खरा प्रश्न असा की, ज्या फौजेला ही गोष्ट झोपेतही करता यायला हवी होती, तिला ती त्या दिवशी का करता आली नाही?

कवायत काय शिकवत होती

अठराव्या शतकात फ्रेंच अधिकाऱ्यांमध्ये यावर साठ-सत्तर वर्षं वाद चालला. फोलार आणि त्याच्या मागून मेनिल-द्यूराँ यांचं म्हणणं, फ्रेंच शिपायाचा स्वभाव धडकेचा आहे, त्याला जाड कॉलममध्ये संगिनीवर जाऊ द्या. दुसरा पक्ष प्रशियाच्या धर्तीवर पातळ रांगेचा आणि फैरींचा. 1772 मध्ये गिबेर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मधला मार्ग मांडला. चालायला कॉलम, गोळीबाराला रांग, आणि एकातून दुसऱ्यात झटकन जाता येईल अशी सोपी कवायत. 1778 मध्ये नॉर्मंडीतल्या व्होसिउच्या छावणीत दोन्ही पद्धती मैदानावर पडताळून पाहिल्या गेल्या. त्यातून पुढे 1791 चे नियम आले, आणि क्रांतीपासून वॉटर्लूपर्यंत फ्रेंच पायदळ त्याच नियमांवर चाललं.

ही पद्धत मराठी माणसाला अगदीच परकी नाही. ‘गारदी’ हा शब्द बहुतेक जण फ्रेंच ‘गार्द’वरून आला असं मानतात. पानिपतावर लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनापती बुसीच्या हाताखाली तयार झालेला. महादजी शिंद्यांचे कंपू उभारणारा द बुआन्य तरुणपणी फ्रेंच सैन्यातल्या आयरिश रेजिमेंटमध्ये कवायत शिकला होता. मात्र ही माणसं आपल्याकडे आली तेव्हा 1791 चे नियम छापलेही गेले नव्हते. त्यांनी आणली ती त्याआधीची कवायत.

आता ही कवायत जरा जवळून पाहू. 1777 च्या घडणीची फ्रेंच बंदूक दीड मीटर लांब आणि साडेचार किलोच्या आत-बाहेर वजनाची. ती भरायचे बारा हुकूम होते. कागदी काडतूस दातांनी फाडायचं, चिमूटभर दारू चापाशेजारच्या वाटीत घालून झाकण लावायचं, बंदूक उभी करून उरलेली दारू, गोळी आणि कागद नळीत सारायचा, गज ओढून ठासायचा, गज परत जागेवर, मग चाप पूर्ण चढवायचा. तयारीचा शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी. ओठ दारूने काळे आणि तोंड कोरडं ठाक. शंभर मीटरच्या पलीकडे एकट्या माणसाला नेमका टिपण्याची आशाच नाही, म्हणून खांद्याला खांदा लावून उभं राहायचं आणि एकदम उडवायचं. पाऊस लागला की वाटीतली दारू भिजते आणि बंदूक म्हणजे संगीन लावलेली काठी उरते. अल्बुएरात हेही घडलं.

फ्रेंच रांग तीन ओळींची. 1808 पासून पलटणीत सहा कंपन्या, कागदावर 840 माणसं. मैदानावर बहुतेक वेळा त्याहून खूपच कमी. चालताना दोन-दोन कंपन्या शेजारी आणि अशा तीन जोड्या एकामागे एक, हा हल्ल्याचा कॉलम. साध्या चालीत मिनिटाला 76 पावलं, जलद चालीत 100, चढाईत 120. एक पाऊल साधारण 65 सेंटिमीटर. रांग करायची तर पुढची जोडी थांबते, मागच्या जोड्या बाजूला सरकून तिच्या सरळ रेषेत येतात. सहाशेची एकटी पलटण हे काम मिनिटभरात उरकते. पण तीन पलटणी एकामागे एक असतील तर शेवटच्या माणसाला दीडशे मीटर तिरकं जावं लागतं. सरळ करून घेण्यासकट तीन-चार मिनिटं लागतात.

शाळेत एनसीसीत असताना तीन ओळींची एक ओळ करायला आम्ही तीस पोरं पाऊण मिनिट घ्यायचो, तेही पटांगण रिकामं आणि समोरून कुणी काही मारत नसताना. एखादा उलट्या बाजूला वळला की मागचे चार त्याच्यावर आदळायचे. तेव्हापासून ‘रांग करणे’ या दोन शब्दांना मी हलकं समजत नाही.

एकूण तीन गोष्टी लागतात : सराव, वेळ आणि मोकळी जागा. यांतली तिसरी गोष्ट शिपायाच्या हातात नसते. ती त्याला सेनापतीने द्यायची असते.

सूल्त आणि त्याची माणसं

फ्रेंच सेनापती मार्शल सूल्त. 1785 मध्ये साधा शिपाई म्हणून भरती झालेला, 1792 मध्ये क्रांतीच्या नवख्या स्वयंसेवकांना कवायत शिकवणारा. 1803 ते 1805 या काळात इंग्लिश खाडीच्या काठी बुलोन आणि आसपासच्या छावण्यांमध्ये नेपोलियनची फौज दोन वर्षं घोटली गेली, त्यातला मोठा भाग याच्याच हाताखाली होता. 2 डिसेंबर 1805 ला ऑस्टर्लिट्झला प्रात्सेनच्या पठारावर चढून शत्रूचं मधलं अंग फोडलं ते याच्याच कोअरने (अनेक डिव्हिजन मिळून झालेल्या दलाने). कॉलममधून रांग, रांगेतून पुन्हा कॉलम, चालू लढाईत, चढावर. त्यामुळे अल्बुएराच्या सेनापतीला कवायत कळत नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही.

माणसंही नवखी नव्हती. आघाडीला असलेल्या जिरारच्या डिव्हिजनमध्ये 34, 40, 64 आणि 88 या चार रेजिमेंट होत्या. या चारही ऑस्टर्लिट्झला स्युशेच्या हाताखाली लढलेल्या. त्यामागच्या गाझाँच्या डिव्हिजनमधल्या 100 आणि 103 या रेजिमेंट 1805 च्या नोव्हेंबरात ड्यूर्नस्टाइनला याच गाझाँबरोबर कितीतरी मोठ्या रशियन फौजेशी दिवसभर झुंजल्या होत्या. सहा वर्षांत पुष्कळ चेहरे बदलले असणार, नव्या भरतीची पोरं आली असणार, तरी सुभेदार-हवालदारांच्या दर्जाची जुनी माणसं तीच. म्हणून ‘तोवर फ्रेंचांचं प्रशिक्षण ढासळलं होतं’ हे दुसरं सोपं उत्तरही मला इथे पटत नाही. 1809 नंतर अनेक फ्रेंच फौजांबाबत ते खरं आहे, या फौजेबाबत नाही.

बगलेवरून चढाई

सूल्त सेव्हिलहून निघाला होता तो फ्रेंचांच्या ताब्यातल्या बादाहोसला शत्रूने घातलेला वेढा उठवायला. त्याच्याकडे साधारण 24 हजार माणसं. समोर इंग्रज सेनापती बेरेसफर्डच्या हाताखाली इंग्रज, पोर्तुगीज आणि स्पॅनिश मिळून 35 हजार. स्पॅनिश सेनापती ब्लेकचं सैन्य रात्रीच येऊन मिळालं आहे हे सूल्तला माहीत नव्हतं.

बेत मात्र उत्तम होता. सकाळी गोदिनोची ब्रिगेड तोफांसह थेट अल्बुएरा गावावर गेली, मागे वेर्लेची फौज दिसेल अशी ठेवली. बेरेसफर्डची नजर गावाकडे खिळली. तोवर दोन्ही डिव्हिजन आणि घोडदळ झाडीच्या आडून ओढे ओलांडत शत्रूच्या उजव्या अंगाला पोहोचले, आणि वेर्लेही मागे वळून त्यांच्या पाठोपाठ निघाला. बेरेसफर्डने ब्लेकला तोंड फिरवायला सांगितलं; ब्लेकला अजूनही खरा हल्ला समोरूनच येणार असं वाटत होतं. वेळ साधली ती झायास या स्पॅनिश अधिकाऱ्याने. त्याने आपल्या चार पलटणी बगलेला आडव्या घातल्या आणि त्या हलल्या नाहीत. त्या दिवसाचं श्रेय वाटताना इंग्रजी लेखणी या स्पॅनिश पलटणींना बरेचदा विसरते. पहिला बांध त्यांनी घातला.

जिरार आला तो ‘मिश्र रचने’त. काही पलटणी कॉलममध्ये आणि त्यांच्या दोन्ही अंगांना काही पलटणी रांगेत, म्हणजे धक्काही देता यावा आणि गोळीबारही. नेपोलियनला ही रचना 1797 पासून आवडत असे. कागदावर ती सुंदर आहे. रांगेतल्या पलटणी गोळीबार सांभाळतात आणि त्या आडोशाने कॉलम पुढे घुसतात, किंवा उलगडून रांग लांबवतात. त्यासाठी कॉलमच्या आजूबाजूला आणि मागे मोकळी जमीन हवी.

झायासच्या माणसांनी फैर झाडली तेव्हा जिरारच्या पहिल्या पलटणी थांबल्या, आणि थांबल्या की गोळीबार सुरू होतो. हा क्षण निर्णायक होता. धडकेच्या कॉलमची सगळी भिस्त समोरचा डगमगेल यावर असते. तो डगमगला नाही, तर कॉलमला दोनच वाटा : तसंच संगिनीवर जायचं, किंवा उलगडायचं. उभं राहून गोळीबार करणं ही तिसरी वाट नव्हे. ती त्या दोन्हींतली एकही न धरणं आहे. पण माणूस गोळी लागू लागली की हुकुमाशिवाय हेच करतो. एकदा उभ्याउभ्या बार काढू लागलेल्या शिपायाला पुन्हा चालतं करणं हे त्या काळच्या प्रत्येक सैन्यात सर्वांत अवघड काम मानलं जाई.

याच सुमारास कोलबोर्नची इंग्रज ब्रिगेड फ्रेंचांच्या डाव्या अंगावर येऊन आदळली. तिचा मारा जिरारला जड जात होता. तेवढ्यात गारांसह पाऊस कोसळला, बंदुका भिजल्या, दहा पावलांवरचं दिसेना, आणि त्या आडोशातून फ्रेंचांच्या बाजूचे पोलिश भालेकरी स्वार इंग्रजांच्या पाठीवर आले. काही मिनिटांत तीन पलटणी मोडल्या. चार पलटणींच्या त्या ब्रिगेडमधले सुमारे तेराशे मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. चौथी पलटण चारही बाजूंना तोंड करून चौकोनात उभी राहिली, म्हणून वाचली. घोडदळासमोर पातळ रांगेचं काय होतं, हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसलं असेल. कॉलम म्हणजे मूर्खपणा आणि रांग म्हणजे शहाणपण असं मानणाऱ्यांनी कोलबोर्नची ही दहा मिनिटं विसरू नयेत.

जिथे जागा संपली

यानंतर जे झालं तो माझ्या मते या प्रकरणाचा गाभा आहे. जिरारच्या डिव्हिजनची चाळण झाली होती. तिला मागे घेऊन गाझाँची ताजी डिव्हिजन पुढे आणायची होती. हाही नियमातला पाठ : मागची फौज एवढं अंतर राखून चालते की पुढच्यांना तिच्या पलटणींमधल्या मोकळ्या गल्ल्यांतून निघून जाता यावं.

गाझाँची डिव्हिजन जिरारच्या पाठीला जवळजवळ चिकटून आली होती. कदाचित पाठिंबा लगेच हाताशी असावा म्हणून, कदाचित टेकाडावरची जागाच अरुंद म्हणून. जिरारचे जखमी आणि मागे सरकणारे लोक गाझाँच्या कॉलमवर आले, गाझाँचे पुढे सरकणारे लोक त्यांच्यावर, आणि दोन डिव्हिजनचा मिळून एकच गठ्ठा झाला. या आठ हजारांना तीन ओळींत सरळ उभं करायचं म्हटलं तर दीड किलोमीटर रुंदी हवी. ते उभे होते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढ्या जागेत. कुठल्या कंपनीला बाजूला सरकायचा हुकूम दिला तरी बाजूला दुसऱ्याच रेजिमेंटची माणसं. नगारा वाजतो आहे, पण कुणासाठी वाजतो आहे ते कळत नाही. रांग करण्याचे प्रयत्न झाले, पण प्रत्येक वेळी बाजूला निघालेली तुकडी गोळ्यांखाली विस्कटून गठ्ठ्यात परत आली.

त्यांच्यासमोर आता झायासच्या जागी हॉटनची इंग्रज ब्रिगेड उभी होती. सोळाशेच्या आसपास माणसं, दोन ओळी, पन्नास-साठ मीटरचं अंतर. तिच्या 57 व्या रेजिमेंटच्या साडेसहाशेपैकी चारशेहून अधिक माणसं पडली. घायाळ होऊन पडलेला तिचा कर्नल इंग्लिस माणसांना ‘कडवे मरा’ असं ओरडून सांगत होता, आणि त्या रेजिमेंटला तेच नाव कायमचं चिकटलं. हॉटन मारला गेला. म्हणजे फ्रेंच गठ्ठ्यातूनही मारा भयंकर होता. त्यांच्या तोफाही जवळून छर्रे ओतत होत्या. फरक एवढाच की इंग्रज रांगेला लागलेली गोळी एका माणसाला लागत होती, आणि फ्रेंच गठ्ठ्यात शिरलेली गोळी वाया जाणं जवळपास अशक्य होतं.

या वेळी सूल्तच्या हातात वेर्लेची पावणेसहा हजारांची राखीव फौज शिल्लक होती. ब्लेक आधीच येऊन मिळाला आहे हे त्याला आता कळलं होतं. समोर आपल्यापेक्षा मोठी फौज आहे म्हणून तो थबकला. राखीव फौज पुढे टाकली नाही आणि गठ्ठा मागेही घेतला नाही. सूल्तची बाजू घेऊन खूप विचार केला, तरी ही वेळ मला समर्थनीय वाटत नाही. हॉटनची रांग दर मिनिटाला आखूड होत होती. वेर्लेची फौज बगलेला मोकळ्या जमिनीवर रांगेत उलगडून आणली असती, तर तिला अडवायला त्या घटकेला जवळ फारसं कुणी नव्हतं.

वेर्लेची तीच चूक, मोकळ्या मैदानात

संधी दुसऱ्या बाजूने उचलली. पोर्तुगीज सैन्याच्या सेवेतला हार्डिंज नावाचा सव्वीस वर्षांचा इंग्रज अधिकारी डिव्हिजनचा सेनापती कोल याच्याकडे गेला आणि त्याने कोलला आपली डिव्हिजन पुढे काढायला राजी केलं. हाच हार्डिंज पुढे हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल झाला आणि पहिल्या शीख युद्धात होता. कोलने मायर्सच्या फ्युझिलियर ब्रिगेडच्या दोन हजार माणसांना रांगेत पुढे घातलं आणि घोडदळाच्या बाजूला हार्वीची पोर्तुगीज ब्रिगेड ठेवली. फ्रेंच स्वार पोर्तुगीजांवर चालून गेले, पण तिथे कोलबोर्नसारखं झालं नाही. नवी, अजून फारशी न लढलेली ही पोर्तुगीज पोरं ठाम उभी राहिली आणि त्यांच्या फैरीने स्वार परतवले गेले.

सूल्तने आता वेर्लेला या रांगेवर सोडलं. तीन रेजिमेंट, तीन कॉलम, प्रत्येकात तीन पलटणी एकामागे एक. हिशेब मांडू. सहाशेच्या पलटणीत दोन कंपन्यांची रुंदी साधारण 68 माणसांची. तीन कॉलम मिळून 200. पहिल्या दोन ओळी धरल्या तर 400 बंदुका, तिसरी धरली तर 600. समोर दोन हजार, सगळ्यांच्या बंदुका मोकळ्या, आणि साडेपाचशे मीटर पसरलेली त्यांची रांग कॉलमच्या दोन्ही कडांवर वाकत येते आहे.

वेर्लेला जागा होती. त्याच्या मागे कुणी चिकटलेलं नव्हतं. त्याला नव्हती ती वेळ, आणि ती त्याची त्यानेच घालवली : रांग करायची ती तीनशे-चारशे मीटरवर असताना, गोळीच्या पल्ल्याबाहेर. तो कॉलममध्येच जवळ आला आणि फैर बसल्यावर उलगडू लागला. लागणारी तीन-चार मिनिटं म्हणजे समोरच्या दोन हजार बंदुकांच्या सात-आठ फैरी. कडेच्या कंपन्या बाहेर पडायच्या, निम्म्या पडायच्या, उरलेल्या आत शिरायच्या. हे वीसेक मिनिटं चाललं. वेर्ले मारला गेला, मायर्सही. फ्युझिलियर ब्रिगेडची निम्म्याहून अधिक माणसं पडली, तरी रांग पुढे येत राहिली. त्याच वेळी इंग्रजांची आणखी एक ब्रिगेड गठ्ठ्याच्या दुसऱ्या बगलेवर वळली आणि आठ हजारांचा तो ढीग एकदम सुटला.

इंग्रजांच्या साधारण 10,400 माणसांपैकी 4,100 हून अधिक मेले, जखमी झाले वा हरवले. सूल्तने पॅरिसला आपले 2,800 कळवले; रेजिमेंटच्या नोंदी पाहिल्या तर आकडा सहा हजारांच्या घरात जातो. जिरार आणि गाझाँ दोघेही लढले. गाझाँ जखमी झाला. शत्रू पूर्ण हरला होता, पण त्याला ते कळलं नाही आणि तो पळाला नाही, अशा अर्थाचं सूल्तने लिहिलं. त्या फ्युझिलियर्सबद्दल ते खरं आहे. पण स्वतःच्या फौजेबद्दल त्याने लिहायला हवं होतं ते हे की, तिला उलगडायला त्याने जागा दिली नाही, आणि जागा होती तिथे वेळेवर हुकूम गेला नाही. दोन दिवसांनी, 18 मे रोजी, तो सेव्हिलकडे परत निघाला. बादाहोस 1812 च्या एप्रिलपर्यंत फ्रेंचांकडेच राहिलं.

स्पेनमध्ये वर्षानुवर्षं लढलेल्या फ्रेंच अधिकाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलं. 18 जून 1815 ला वॉटर्लूला द’एर्लोंच्या कोअरमधल्या बऱ्याचशा पलटणी आधीच रांगेत उलगडून, एकीमागे एक अशा लावून पुढे गेल्या. रुंदी मिळाली, पुढच्या पलटणीची प्रत्येक बंदूक मोकळी झाली. पण पलटणींमध्ये अंतर इतकं थोडं ठेवलं होतं की चौकोन करायला जागाच उरली नाही, आणि चढावर इंग्रज घोडदळ आलं तेव्हा त्या डिव्हिजन उधळल्या गेल्या. त्या दिवशी सम्राटाच्या शेजारी त्याचा चीफ ऑफ स्टाफ म्हणून उभा होता सूल्त.